चौदा पानांतली दोन

“म्हंजे निम्म्या मानसास्नी खोटं औषिद?” बाईंनी विचारलं.

“बरोबर!” मी म्हणालो. बरोबर उत्तर देणारा विद्यार्थी मला नेहमीच आवडत आलाय. “निम्म्यांना नवं औषध आणि निम्म्यांना खडूची गोळी. दिसायला दोन्ही सारख्याच. कुणाला काय मिळालं ते पेशंटला कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही. मग काही वर्षांनी मोजायचं, कुठल्या गटातले किती टिकले.”

“आन् त्या खडूवाल्यांचं काय?”

“त्यांना तुलनेचा गट म्हणतात.”

बाईंनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मला वाटलं, विषय समजला.

मिरजेच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात, बाहेरच्या बाकावर, तपासणीसाठी रक्त द्यायला माझा नंबर लागायची वाट बघत मी बसलो होतो. शेजारी या बाई. हिरवं नऊवारी लुगडं, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत माझ्याकडे होता तसाच चौदा पानांचा कागद. नाव मायाक्का गडदे. कवठेमहांकाळच्या पुढच्या एका वाडीतल्या, बेदाण्याच्या शेडवर बेदाणा निवडायला जाणाऱ्या. आजार माझाच, मोठ्या आतड्याचा. ऑपरेशन माझ्यानंतर आठवड्याने झालेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मंगळवारी मुलाला घेऊन या, म्हणजे सगळं नीट समजावून सांगतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण शेजारी मी दिसलो. माझ्या चेहऱ्यावरच ‘सर’ लिहिलेलं असावं, कारण त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, “सर, ह्यात काय लिवलंय?”

आता असं कुणी विचारल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी नेमगोंडा चौगुले. जयसिंगपूरच्या हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होतो. मी सुरू केलं तेव्हा ऐकणारे एक होते, संपवलं तेव्हा आठ-दहा जण माना पुढे काढून ऐकत होते. एका गृहस्थांनी तर जाताना नमस्कार केला. कॅन्सर झाल्यापासून इतकं बरं मला प्रथमच वाटत होतं.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. अजून आठवली की कान गरम होतात.

मुळात या चाचणीचा शोध मी स्वतः लावला, अशी माझी समजूत होती. ऑपरेशनच्या वेळी पुण्याहून आमची मुलगी पद्मश्री आली होती. जाताना तिने स्वतःचा जुना लॅपटॉप ठेवला आणि एक सरकारी संकेतस्थळ दाखवलं. देशात माणसांवर नव्या औषधांच्या ज्या ज्या चाचण्या चालतात, त्यांची तिथे नोंद असते. ती म्हणाली, “बाबा, तीन गोष्टी लक्षात ठेवा. फक्त आपल्या आजाराच्या चाचण्या बघा. त्यातल्या भरती चालू असलेल्याच घ्या. आणि आधी आपल्या डॉक्टर आवटींना विचारा.”

मी तिन्ही केल्या नाहीत.

शंभर पानी वही घेतली, रकाने आखले आणि पंधरा दिवसांत एकसष्ट चाचण्या उतरवून काढल्या. त्यातल्या नऊ स्तनांच्या कॅन्सरच्या होत्या, हे नंतर पद्मश्रीने फोनवर सांगितलं. एक कधीच बंद झालेली होती. गुवाहाटीच्या एका डॉक्टरांना मी फोन लावला. मोठा सज्जन माणूस. माझ्या इंग्रजीला वीस मिनिटं तोंड देत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “पेशंटचं वय?”

“सहासष्ट.”

“सर, ही चाचणी बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे.”

“त्यात काही सवलत?” मी विचारलं. खरंच विचारलं.

अठ्ठावन्न नंबरची चाचणी उतरवताना पत्त्याच्या रकान्यात ‘मिरज’ आलं आणि प्रमुख संशोधकाच्या रकान्यात ‘डॉ. आवटी’. मी पुढच्या तीन भराभर उतरवल्या, वही काखेत मारली, बायकोला सोबत घेतलं आणि पुढच्याच एसटीने त्यांच्याकडे पोहोचलो. टेबलावर वही उघडून ठेवली. आवटींनी ती चाळली, अठ्ठावन्न नंबरवर थांबले.

“सर,” ते म्हणाले, “मी हेच तुम्हाला टाके काढले त्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणालात आणि वर बघून म्हणालात, पंख्याचा कपॅसिटर गेलाय.”

शेजारी माझी बायको त्रिशला बसली होती. “मी होते तेव्हा,” ती म्हणाली. “कपॅसिटरचंच बोलले.”

मग या चाचणीचं काम बघणाऱ्या नाझनीन मुजावर यांच्याकडे मला पाठवलं. पंचविशीतली मुलगी, शांत, बोलताना डोळ्यांत बघणारी. तिने चौदा पानं समोर ठेवली. “सर, मी एकेक पान समजावून सांगते. तासभर लागेल. मध्येच काही विचारावंसं वाटलं तर विचारा.”

“मुली,” मी म्हणालो, “मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना समजावून सांगितलंय. वाचतो मी.”

“मग घरी न्या. घरच्यांशी बोला. सहीची घाई नाही, पण एक लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरुवात व्हायला लागते.”

घरी आलो, चष्मा पुसला, वाचायला बसलो. पहिल्या पानावर चाचणीचं लांबलचक नाव होतं. दुसऱ्यावर हेतू. हेतू वाचून मी मान डोलावली. तिसरं पान उघडलं तर वरती जाड अक्षरांत होतं, ‘संभाव्य धोके व गैरसोयी’. तिथून पुढचं मराठी मला खटकू लागलं. वाक्यं फार लांब, क्रियापदं भलतीकडेच. असलं भाषांतर माणसाने का वाचावं, असं म्हणून मी कागद मिटला.

सही करायला गेलो तेव्हा नाझनीनने विचारलं, “सर, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगता?” मी ‘रँडमाइज्ड’, ‘डबल ब्लाइंड’, ‘प्लासिबो’ असे तीन शब्द योग्य जागी पेरले, मधूनमधून मान हलवली आणि तिची खात्री पटली की सरांना सगळं येतं. शाळेत तपासणी यायची तेव्हा हे मी पुष्कळदा केलेलं होतं. सही झाली. रक्त द्यायला बाहेर बसलो आणि मायाक्का भेटल्या.

पुढच्या शुक्रवारी तपासणीचा निकाल घ्यायला गेलो. आवटींच्या कपाळावर आठी होती.

“यकृताचे आकडे वाढलेत. चांगलेच. ऑपरेशनच्या वेळी ठीक होते. सर, आम्ही दिलेल्याशिवाय दुसरं काही घेता का?”

“छे,” मी म्हणालो. “मी विज्ञानाचा माणूस.”

“आणि सकाळचं ते हिरवं?” त्रिशला म्हणाली.

“कुठलं हिरवं?” डॉक्टर आणि मी एकदमच म्हणालो.

“कसल्या कसल्या मुळ्यांची भुकटी आहे. पेलाभर पाण्यात उकळून आटवतात. यांच्या ओळखीच्या कुणी डोंगरातून आणून दिली. मला सांगितलं, डॉक्टरांनी दिलीय. न्हाणीघरात उभं राहून पितात. मी म्हटलं, डॉक्टरांनी दिलेलं औषध माणूस न्हाणीघरात कशाला पिईल?”

चौतीस वर्षं ज्याने पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले, त्याला त्या खोलीत कुठे बघावं ते कळेना. पंख्याकडे बघणं आता शक्य नव्हतं.

आवटी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “आजपासून ते बंद. यकृत शांत झालं की आपली नेहमीची केमो सुरू करू. उशीर होईल थोडा, पण करू. चाचणीत मात्र आता घेता येणार नाही. हे आकडे उतरेपर्यंत आठ आठवडे निघून जातील.”

बाहेर नाझनीनकडे कागद परत द्यायला गेलो. पडलेल्या विद्यार्थ्याचा जो सूर असतो, त्या सुरात म्हणालो, “बरंच झालं म्हणायचं. खडू खात बसण्यापेक्षा नेहमीची केमो बरी.”

“कुठला खडू, सर?”

“तुलनेच्या गटाला नुसती खोटी गोळी देता ना?”

तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच हातातले कागद घेऊन पाचवं पान उघडलं. “नेहमीची केमो सगळ्यांना मिळते, सर. दोन्ही गटांना. तीच, तेवढीच. तिच्या जोडीला रोज एक गोळी. काहींना नवी, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. नेहमीचे उपचार कुणाचेच काढून घेत नाही आम्ही. ठळक अक्षरांत आहे, बघा.”

ठळक अक्षरांतच होतं.

“तुम्ही हे दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही ना?” तिने विचारलं.

“छे,” मी म्हणालो. तासाभरातलं हे दुसरं ‘छे’. मग राहवेना. “त्या हिरव्या लुगड्यातल्या बाई... मंगळवारी आल्या होत्या का?”

“दुसऱ्या पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही, सर,” नाझनीन म्हणाली. पण हे म्हणताना ती खिडकीतून बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिली.

जयसिंगपूरच्या एसटीत बसल्यावर मी त्रिशलाला सगळं सांगितलं. बाक, खडू, तुलनेचा गट, नमस्कार करणारे गृहस्थ. माझ्या आठवणीत मी तिला स्वतःहून काही सांगितल्याचे प्रसंग थोडेच. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती.

“वाडीचं नाव माहीत आहे?” तिने विचारलं.

“वाडीचं नाही. शेडचं सांगितलं होतं त्यांनी.”

“मग उद्या सकाळी जतच्या गाडीने जाऊ.”

“तू कशाला? मी जातो की.”

“तुम्ही एकटे जाऊन आणखी काहीतरी शिकवून याल.”

शनिवारी सकाळी आम्ही फाट्यावर उतरलो. शेड लांबूनच दिसत होती. हिरव्या जाळ्यांनी झाकलेली, एकावर एक मजल्यांची मांडणी, त्यावर पसरलेली द्राक्षं. आत गेलं की गोड, आंबूस वास. एका बाजूला पत्र्याखाली पंधरा-वीस बायका ताडपत्रीवर बसून बेदाणा निवडत होत्या. काळा वेगळा, पिवळा वेगळा, काड्या वेगळ्या. मायाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोटाला उशी बांधलेली.

“अगं बया, सर!” त्या म्हणाल्या. मग बायकांकडे वळून, “ह्येच ते. खडूचं सर.”

माझी कीर्ती माझ्या आधी पोहोचली होती. त्या मंगळवारी मायाक्का गेल्याच नव्हत्या. चाचणीला नाहीच, पण साध्या केमोलाही त्यांनी आता नकार दिला होता. जिथे निम्म्यांना खडू देतात, तिथलं इंजेक्शन तरी खरं कशावरून? मुलगा बिरू टेम्पो चालवायचा. त्याने हॉस्पिटलचे फोन घेणं बंद केलं होतं. एवढ्यावर भागलं नव्हतं. एका म्हातारीने स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी दगडावर घासून बघितली होती. पांढरी रेघ उठली होती. त्या दिवसापासून तिने गोळ्या सोडल्या होत्या.

चौतीस वर्षांत माझी एकही गोष्ट कुणी इतकी मनावर घेतली नव्हती.

“मायाक्का,” मी उभ्याउभ्याच म्हणालो, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

सगळ्या बायकांचे हात थांबले.

“मग खरं काय हाय?”

मी घसा साफ केला. “त्याचं असं आहे, प्रयोगाचे मुळात दोन प्रकार...”

मागून त्रिशला खोकली. तिला सर्दी नव्हती.

मी थांबलो. मायाक्का वाट बघत होत्या. बायका वाट बघत होत्या. गोळी घासणारी म्हातारीही वाट बघत होती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “चौदा पानं होती. मी दोनच वाचली.”

कुणी हसलं नाही. मायाक्कांनी शेजारची काड्यांची पाटी सरकवून जागा केली. “मग वाचा की आता. हितं बसा. हाईत न्हवं कागद?”

कागद त्यांच्याच पिशवीतले घेतले. ताडपत्रीवर मांडी घालून मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागलो. तिसरं पान आलं. धोके व गैरसोयी. तोंड येणे, जुलाब, तळहाताची साल जाणे, रक्तातल्या पेशी कमी होणे, क्वचित प्रसंगी गंभीर, अतिक्वचित प्रसंगी मृत्यू. तिथे मी चष्मा काढून पुसायला लागलो. मायाक्का म्हणाल्या, “वाचा, वाचा. आमी न्हाई भ्यायलो, तुमी कशापायी भेताय?”

सातव्या पानावर होतं, कधीही, कारण न देता, चाचणी सोडता येईल आणि सोडली तरी नेहमीचे उपचार चालू राहतील. मायाक्कांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. नवव्यावर होतं, चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार कोण करणार. अकराव्यावर फोन नंबर. लांब वाक्यं आली की बायका मला थांबवायच्या आणि मी ती तोडून पुन्हा सांगायचो. मला उत्तर न येणारे प्रश्न त्रिशला माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती. तळहाताची साल गेली तर बेदाणा निवडता येईल का? गोळी खोटी होती की खरी हे शेवटी सांगणार का? मधेच सोडलं तर डॉक्टर रागावणार का? सात प्रश्न झाले.

चौदावं पान संपलं. मायाक्का म्हणाल्या, “ह्ये समदं ऱ्हाऊ द्या. मी वाचनार का, ते कुठल्या पानावर हाय?”

मी कागद पुन्हा चाळले. नाही हे माहीत असून चाळले. वहीतल्या एकसष्ट चाचण्या मला आठवल्या. त्या एकसष्टांत मी हेच एक वाक्य शोधत होतो, आणि ते कुठे लिहिलेलं नाही म्हणून कपॅसिटरकडे बघत होतो.

“ते नाही लिहिलेलं,” मी म्हणालो.

“मग डाक्टरला इचारू या. लिवून घ्या, वयनी. आठवा.”

मंगळवारी मायाक्का आल्या. बिरू सोबत होता, माझ्याकडे न बघता. नाझनीनने दोन तास समजावलं. मग आवटी आले. मायाक्कांना वाचता येत नसल्यामुळे, त्यांना सगळं सांगितलं गेलं याला बाहेरचा एक साक्षीदार लागत होता आणि सगळ्याचं चित्रीकरण होणार होतं. मी खुर्ची पुढे ओढली.

“सर, तुम्ही चालणार नाही,” आवटी म्हणाले. “पुढे मीच तुम्हाला केमो देणार. माझ्यासमोर तुम्ही मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकाल का?” मग त्रिशलाकडे वळून, “तुम्हीही त्यांच्याच घरच्या. तुमच्यावर कुणाचं दडपण येतं का, बाई?”

“बेचाळीस वर्षं यांचा प्रयत्न चालू आहे,” त्रिशला म्हणाली.

तरी आवटींनी नियमाला धरून तिलाही नको म्हटलं आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी नातेवाइकांबरोबर आलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना विनंती करून बोलावून आणलं. आम्ही दोघं बाहेर निघालो, तर मायाक्का म्हणाल्या, “सरास्नी दाराजवळ बसू द्या. पर त्यांनी बोलायचं न्हाई.”

या अटीवर मी दाराशी बसलो. त्रिशला माझ्या शेजारी.

कॅमेरा सुरू झाला. नाझनीनने विचारलं, “तुम्हाला काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.”

मायाक्कांनी पदर सारखा केला. “आमच्या शेडवर द्राक्षं वाळवायच्या आदी तेलाच्या पान्यात बुडिवत्यात. एक वर्षी मुकादमानं नवं तेल आनलं. म्हनला, ह्यानं बेदाना ब्येस व्हतोय. मालक म्हनला, बघू या. मग निम्म्या मालाला जुनं तेल, निम्म्याला जुन्यात थोडं नवं टाकून. मुकादम आपला चांगली चांगली द्राक्षं नव्या तेलाकडं सारायला लागला, म्हंजे त्येचंच खरं व्हईल. मालकानं ते बघितलं. म्हनला, तू हात लावू नगंस. चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठी निगंल ती पाटी तिकडं. तसंच हितं. सुया सगळ्यास्नी. गोळी चिठ्ठीवर. डाक्टरला बी ठावं न्हाई, म्हंजे त्येला बी सारासारी करता यायची न्हाई.”

 प्रयोगात चिठ्ठी का टाकायची, हे मी चौतीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

“आनी एक फरक हाय,” मायाक्का म्हणाल्या. “द्राक्षास्नी कुनी इचारत न्हाई. मला इचारलंसा. मला नगं वाटलं तर मी पाटीतनं उठून जानार.”

“कधीही,” आवटी म्हणाले. “अजून काही विचारायचंय?”

एकेक करून त्यांनी सातही प्रश्न विचारले. साल गेली तर काम थांबवावं लागेल. गोळी कुठली होती ते चाचणी संपल्यावर कळेल. मधेच सोडलं तर कुणी रागावणार नाही. मग आठवा.

“मी वाचनार का?”

आवटींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मायाक्का, तुमच्यासारखं ऑपरेशन होऊन नेहमीची केमो घेतलेली दहा माणसं असली, तर पाच वर्षांनी त्यातली साधारण सहा-सात असतात. तुम्ही त्या सहा-सातांत असाल की उरलेल्यांत, हे मला सांगता येत नाही. नव्या गोळीने सहाची आठ होतील का, तेही माहीत नाही. माहीत असतं तर चिठ्ठी न टाकता सरळ दिली असती.”

मायाक्कांनी मान हलवली, एखाद्या मालाचा भाव ऐकून हलवावी तशी.

हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला. आजार तोच, टप्पा तोच, डॉक्टर तेच. अडीच महिने मी या माणसासमोर बसत होतो आणि विचारलं नव्हतं. दाराशी बसून मी मनात दहा माणसं उभी केली, त्यांत स्वतःला कुठे उभं करावं ते ठरेना, आणि बघितलं तर त्रिशलाने माझा हात धरला होता. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच. तिचा हात माझ्यापेक्षा गार होता. तिलाही हाच प्रश्न विचारायचा होता, आणि माझ्या व्याख्यानांतून तिला जागाच मिळाली नव्हती.

मायाक्कांनी अंगठा दिला. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून सही केली, तारीख घातली, वेळही घातली.

माझी केमो तीन आठवडे उशिरा सुरू झाली. सहा महिने मी आणि मायाक्का त्याच हॉस्पिटलात जात राहिलो. कधी गाठ पडायची, कधी नाही. त्यांच्या तळहातांची साल गेली. एक हंगाम त्यांना बेदाण्याला हात लावता आला नाही. जुलाबांनी त्या अर्ध्या झाल्या. दोनदा त्यांनी सोडायचं ठरवलं आणि दोनदा नाझनीनने त्यांना सांगितलं, खुशाल सोडा. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “आता बघू पुढल्या खेपंला.” गोळी घासणारी म्हातारी पुन्हा गोळ्या घ्यायला लागली. तिला समजवायला मी गेलो नव्हतो. त्रिशला गेली होती.

चाचणीचा निकाल यायला साडेचार वर्षं लागली. तोवर मायाक्कांचा आजार उलटला होता. यकृतात गेला होता. हॉस्पिटलकडून घरी पत्र आलं, दोन पानांचं, साध्या मराठीत. बिरूने मला फोन केला. म्हणाला, “आई म्हनतीय, सरास्नी वाचाय बोलवा.”

आम्ही गेलो. मायाक्का अंगणातल्या बाजेवर पडल्या होत्या, चादरीखाली फार थोड्या उरलेल्या. मी दोन्ही पानं वाचली. सगळी. लिहिलं होतं की तुम्हाला चाचणीत नवी गोळी मिळाली होती. लिहिलं होतं की नव्या गोळीने आयुष्य वाढत नाही असं दिसून आलं, आणि त्रास मात्र जास्त होतो. त्यामुळे ती गोळी या आजारासाठी वापरली जाणार नाही. तुम्ही सहभागी झाल्याबद्दल आभार.

बिरू भिंतीला टेकून उभा होता. “म्हंजे वायाच गेलं की सगळं,” तो म्हणाला. “हाताची सालटी गेली, हंगाम गेला. कशापायी?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्रिशलाला खोकावं लागलं नाही.

मायाक्कांनी हात पुढे केला. पत्र मागितलं. वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही पानांवरून अंगठा फिरवला.

“वाया कसं रं?” त्या म्हणाल्या. “आता म्होरल्या बाईला ती गिळाय लागनार न्हाई.”

मग त्यांनी पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि बिरूला म्हणाल्या, “सरास्नी आनी वयनीस्नी च्या टाक.”